बरे न होणाऱ्या बालकांची सेवा आणि आनंद



दर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. दर्शनाच्या रांगेत आजारी मूल कडेवर घेतलेल्या आया दिसतात. काहींचे मूल पुढच्या वर्षी नवस फेडायला स्वतःच्या पायांनी येते. काही आया मात्र एकट्याच येतात. आज आपण या एकट्या येणाऱ्या आयांच्या मुलांविषयी आणि त्या मुलांची सेवा करणाऱ्यांविषयी विचार करू या.

आजार बरा होण्याची आशा संपली, तरी रुग्णाच्या वेदना शमवायच्या व शेवटपर्यंत त्याला सोबत द्यायची, या सेवेला हॉस्पिस म्हणतात. आपल्या देशातील पहिले हॉस्पिस १९८६ साली वांद्र्याला मोतमाउलीच्या टेकडीवर सुरू झाले. ते म्हणजे डॉ. एल. जे. डिसोझा यांचे शांती अवेदना सदन. मुलांसाठी पहिले वेगळे हॉस्पिस सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांनी १९८२ साली ऑक्सफर्ड येथे उघडले. मुंबईत २०१४ साली मानसी शहा व अभिषेक ताटिया यांनी 'हॅपी फीट होम' सुरू केले. कर्करोग, थॅलॅसेमिया, एचआयव्ही अशा आजारांची मुले तेथे दिवसा येत, खेळत, चित्रे काढत, वाढदिवस साजरे करत.

मूल वाचणार नाही हे ठाऊक असताना या कामात आनंद कुठून यावा? हा प्रश्न आम्हालाही पडला होता.

काही वर्षांपूर्वी एका घरून बोलावणे आले. मुंबईचे उपचार थांबवून, नऊ वर्षांच्या मुलाला आईवडिलांनी पंचवटीने परत आणले होते. आम्ही पवित्र तेल व प्रार्थनापुस्तक घेऊन निघालो. जिना चढताना सांत्वनाची वाक्ये मनात जुळवत होतो. मुलाने आम्हाला पाहताच विचारले, "फादर, सापशिडी येते का?"

खेळलो. अठ्ठ्याण्णववर आमच्या सोंगटीला सापाने गिळले तेव्हा तो इतका हसला, की आई स्वयंपाकघरातून धावत आली. निघताना मात्र आम्ही तिला म्हणालो, "देवाची इच्छा, बाई." तिने काही न बोलता दार लावून घेतले. ते वाक्य आम्ही त्यानंतर कुठल्याही आईसमोर उच्चारलेले नाही.

सेमिनरीत शिकलेला ऍरिस्टॉटल त्या रात्री आठवला. (तत्त्वज्ञानाची पदवी क्वचित कामी येते!) तो म्हणतो, काही कामे घर बांधण्यासारखी असतात. घर पुरे होईपर्यंत काम अपुरे, आणि मध्येच थांबले तर हाती काही नाही. काही कृती पाहण्यासारख्या असतात. आपण पाहतो त्याच क्षणी पाहणे पूर्ण झालेले असते. आजारी मुलाची सेवा पहिल्या प्रकारची मानली, तर मूल गेले की सगळे फुकट गेले असे वाटणारच, आणि असे मोजणारा सेवक लवकर थकतो. पण मूल स्वतः तसे मोजत नाही. त्याच्या लेखी आजचा डाव आजच पुरा होतो. त्याच्याशी खेळणाऱ्याचेही काम तेवढ्यात पुरे होते, उद्या काहीही होवो.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगायलाच हवी. त्या दिवशी तो हसला, कारण दुपारी त्याला मॉर्फिन दिले होते. कळा येत असताना कोणी सापशिडी मागत नाही. सवय लागेल या भीतीने पुष्कळ घरांत हे औषध टाळले जाते. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, ठरल्या वेळी दिले तर ही भीती बाळगण्याचे कारण नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन मिळणेच दुरापास्त झाले होते. २०१४ साली त्यात दुरुस्ती होऊन नियम सैल झाले. ख्रिस्तसभाही वेदना शमवण्याला प्रीतीचे कृत्य मानते. मुलाने कळा सोसल्या म्हणजे पुण्य लाभते, असे कोणी सांगू लागले तर ऐकू नका.

हॉस्पिसमधले सेवकही रडतात. त्यांचा आनंद म्हणजे दुःख न होणे नव्हे. १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांना आपल्या कामाचा पाया गेथशेमनी बागेत सापडला होता. प्रभूने शिष्यांकडे सुटका मागितली नाही. आपल्यासोबत जागे राहा, एवढेच मागितले, आणि ते झोपी गेले. एखाद्या पलंगाशेजारी रात्र काढलेल्या माणसाला त्या मागण्याचे वजन कळते.

त्या मुलाशी आम्ही तीन आठवड्यांत सहा डाव खेळलो. चार त्याने जिंकले. अंत्यविधीनंतर त्याच्या आईने चहाला थांबवले. सापशिडीचा पट टेबलावरच होता. धाकटी बहीण सोंगट्या मांडून वाट पाहत होती.