रस्त्याचा हिशेब : वाहनांचा की माणसांचा?

रस्ता रुंद केला म्हणजे शहरातील वाहनांची कोंडी सुटते, असा सर्वसाधारण समज आहे. अनुभव मात्र निराळा आहे. रस्ता प्रशस्त झाला की मोटारीने जाणे सोयीचे होते. पूर्वी पायी, सायकलने अथवा बसने जाणाऱ्यांपैकी काही जण मग मोटार काढू लागतात, आणि थोड्याच वर्षांत तो रस्ता पुनः भरून जातो. ह्याचे मूळ जागेच्या हिशेबात आहे. एक मोटार उभी करावयास जेवढी जागा लागते, तेवढ्या जागेत आठ ते दहा सायकली राहू शकतात; आणि त्या मोटारीत बहुधा एक किंवा दोनच माणसे असतात. म्हणून रस्त्यावरून किती वाहने गेली ह्यापेक्षा किती माणसे गेली, हे मोजणे अधिक शास्त्रशुद्ध होय.

हे तत्त्व व्यवहारात कसे उतरते, हे नेदरलँड्स देशाच्या उत्तर भागातील ग्रोनिंगन ह्या नगराच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

नेदरलँड्स हा आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींची संख्या झपाट्याने वाढली व सायकल मागे पडली. १९७१ साली त्या देशात रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप चळवळ करण्यास पुढे आले. १९७३ साली तेलाची टंचाई झाली, तेव्हा सरकारने काही रविवारी मोटारी बंद ठेवल्या आणि मोकळे रस्ते कसे दिसतात, हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले.

ह्या पार्श्वभूमीवर सप्टेंबर १९७७ मध्ये ग्रोनिंगनच्या नगरपालिकेने एक योजना अमलात आणली. भाकरीचे चार चतकोर करावेत, तद्वत् शहराच्या मध्यवर्ती वस्तीचे चार भाग कल्पिण्यात आले. एका भागातून शेजारच्या भागात मोटारीने थेट जाण्यास मनाई झाली. मोटारीने आधी बाहेरच्या वर्तुळमार्गावर यावयाचे, कडेकडेने जावयाचे आणि मग दुसऱ्या भागात शिरावयाचे. पायी जाणारा व सायकलस्वार मात्र पूर्वीप्रमाणे सरळ पलीकडे जाऊ शके. मोटारीस बंदी नव्हती. केवळ तिची वाट लांबली आणि सायकलची वाट जवळची ठरली. केवळ पलीकडे जाण्यासाठी मध्यवस्तीतून धावणाऱ्या मोटारींना तेथे येण्याचे कारणच उरले नाही.

योजनेस कडाडून विरोध झाला. गिऱ्हाईक तुटेल, अशी दुकानदारांस धास्ती वाटत होती. तथापि योजना टिकली. पुढे एका उद्यानातून जाणारा रस्ता मोटारींस बंद ठेवावा की नाही, ह्यावर १९९४ साली नागरिकांचे मत घेण्यात आले. अल्प बहुमताने का होईना, कौल बंदीच्या बाजूने पडला. आज त्या शहरातल्या शहरात होणाऱ्या प्रवासांपैकी निम्म्याहून अधिक सायकलने होतात.

ग्रोनिंगनची भूमी सपाट आहे, अंतरे थोडी आहेत व विद्यापीठामुळे तरुणांची संख्या मोठी आहे. ह्या गोष्टी सर्वत्र नसतात. भारतातील मोठ्या शहरांत अंतरे लांब व ऊन कडक. तेथे सायकलीस नियमित बस व रेल्वे ह्यांची जोड आवश्यक आहे. पण भारताची एक जमेची बाजूही आहे. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याच्या साधनांची नोंद झाली. तीत मोटारीने जाणाऱ्यांपेक्षा पायी व सायकलने जाणारे कितीतरी अधिक आढळले. मोटार सोडावयास लावणे हे तेथील काम. जे आजही चालतात, त्यांस सुरक्षित पदपथ देणे हे येथील पहिले काम.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग : शाळेजवळच्या रस्त्याच्या कडेला, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सुरक्षित जागी अर्धा तास उभे राहावे. पादचारी, सायकली, दुचाकी, मोटारी व बसगाड्या ह्यांची वेगवेगळी नोंद करावी. प्रत्येक प्रकारातून अंदाजे किती माणसे गेली, हे लिहावे. नंतर त्या रस्त्याची किती रुंदी कोणाच्या वाट्यास आली आहे, हे पावलांनी मोजावे. दोन्ही आकडे शेजारी मांडले असता आपल्या गावचा रस्ता कोणासाठी बांधला आहे, ह्याचे उत्तर मिळेल.