गरी टाकण्याआधी



आपली शाळा दर्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. रविवार आला की तुमच्यातले निम्मे जण गरी-दोरी घेऊन खडपावर असतात, हे मला ठाऊक आहे. गरवणे वाईट नाही. मीही लहानपणी पुष्कळ गरवले आहे. पण शेतकऱ्याला जसे पेरणीचे आणि कापणीचे दिवस पाळावे लागतात, तसे दर्याचेही दिवस असतात. ते आज समजून घेऊ.

१. दर्याची सुट्टी

गेल्या जुलै महिन्यात सहावीतल्या एका मुलाने खाडीच्या तोंडाशी एक मोठा मासा गरवला. घरी कापला तर पोटात गाबोळी! दुसऱ्या दिवशी तो ती वाटीत घालून शाळेत घेऊन आला. आगकाडीच्या गुलाएवढा तुकडा आम्ही बशीतल्या पाण्यात सोडला आणि सुईच्या टोकाने अंडी मोजू लागलो. शंभराच्या पुढे गेलो, तरी बशीत अंडी उरलीच होती. शेवटी मोजणे सोडून दिले. आणि वाटी तर अजून भरलेलीच!

तो मुलगा म्हणाला, "एका माशान काय होतला, गुरुजी?"

मी विचारले, "काल खडपावर तुम्ही किती जण होता?"

"आठ-धा."

एवढे बोलून तो स्वतःच गप्प झाला.

पावसाळा हा पुष्कळ माशांचा अंडी घालण्याचा काळ. त्यातच दर्या खवळलेला. म्हणून १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली शासन १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी करते. आपले वाडवडील तर कायदा नव्हता तेव्हाही नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नसत.

आता तुम्ही म्हणाल, बंदी लाँचला आणि ट्रॉलरला आहे, आमच्या गरीला कुठे आहे? खरे आहे. गरीवाल्याला कोणी शिपाई अडवायला येणार नाही. पण मासळी तीच आणि दर्याही तोच. तुमच्यातल्या कितीतरी जणांचे वडील लाँच किनाऱ्याला लावून दोन महिने कमाईविना जाळी दुरुस्त करीत बसतात. त्यांनी पोटावर दगड ठेवायचा आणि आपण मजेखातर गाबोळीचा मासा काढायचा, हे बरे दिसते का?

२. पट्टी लावून पाहा

एकदाही अंडी न घातलेला मासा धरला, तर पुढच्या वर्षी मासा यायचा कुठून? म्हणून २०२३ साली राज्य शासनाने ५४ जातींच्या मासळीची कमीत कमी लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरू नये. त्यातल्या तीन जाती पाठ करा :

पापलेट – १३.५ सेंमी
बोंबील – १८ सेंमी
सुरमई – ३७ सेंमी

तुमच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंमीची असते. पापलेट काही गरीला लागत नाही. पण आईबरोबर बाजारात जाल तेव्हा पट्टी आठवा. त्याच वर्षी पापलेटला 'राज्य मासा' हा मानही मिळाला आहे. गरीला अगदी बारका मासा लागला, तर हात ओले करून तो अलगद सोडवा आणि लगेच पाण्यात सोडा.

३. भरतीचा हिशेब

गरवायला चांगले दिवस पावसाळा सरल्यावर येतात. तेव्हाही भरती ओळखल्याशिवाय खडपावर जाऊ नये. भरती चढू लागली की मासा खडपाकडे येतो, आणि त्याच वेळी मागची वाट पाण्याखाली जाते!

जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. उदाहरणार्थ, चतुर्थी : ४ × ३/४ = ३. म्हणजे दुपारी सुमारे ३ वाजता पूर्ण भरती. त्याआधी सहा तास, म्हणजे ९ च्या सुमारास, पूर्ण ओहोटी. सकाळी कोरड्या खडपावरून गेलात, तर १२ च्या आत परत फिरा. गावागावांत वेळ तासभर मागेपुढे होते, म्हणून घाई केलेली बरी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा पाणी फार चढते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा कमी चढते.

४. हे विसरू नका

(अ) एकट्याने जाऊ नये. दर्याकडे पाठ करून बसू नये.
(आ) शिंगाळ्याचा काटा विषारी असतो. लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवावा आणि दवाखाना गाठावा.
(इ) फुगणारा केंड मासा विषारी आहे. तो कधीही खाऊ नये.
(ई) कासव गरीला लागले तर मोठ्या माणसाला हाक मारा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला मारणे किंवा घरी नेणे हा गुन्हा आहे.
(उ) मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती त्याचे गाभा क्षेत्र आहे. तिथे गरी टाकू नये.
(ऊ) तुटलेली नायलॉनची दोरी खडपावर टाकू नका. तिच्यात पक्षी अडकतात.

दर्या कोणाला 'नाही' म्हणत नाही. म्हणून थांबायचे आपणच ठरवायचे असते.

स्वाध्याय

१. आज कोणती तिथी आहे? पूर्ण भरती किती वाजता येईल ते काढा आणि किनाऱ्यावरून पडताळून पाहा.
२. एकादशीची भरती किती वाजता येईल?
३. पूर्वी कोणती मासळी पुष्कळ मिळे आणि आता दिसत नाही, हे आजोबांना विचारून वहीत लिहा.