गुंड्या, पिंकू आणि तेवीस नावं

आमचा गुंड्या रॉटवायलर. वजन पंचेचाळीस किलो, वय नऊ. त्याच्यापायी जे शिकलो, ते असं.

1. मला आयुष्यात कुत्रा दोनदा चावला. दोन्ही वेळा एकच, वरच्या मजल्यावरच्या काकूंचा पॉमेरियन पिंकू. पहिल्या खेपेला रेबीजची पाच इंजेक्शनं घेतली. काकू म्हणाल्या, "अहो, खेळतो तो." गुंड्यानं नुसती जांभई दिली तरी लिफ्ट रिकामी होते. पण खरं सांगायचं तर पिंकूचे माझ्या पोटरीवर चार दात उमटले. तिथं गुंड्याचा जबडा असता तर हाडापर्यंत गेलं असतं. लोक घाबरतात ते अगदीच उगाच नाही.

2. चावरा कुत्रा घडवताही येतो, हे मी स्वतः करून पाहिलंय. गुंड्या दोन वर्षांचा असताना घराचं रंगकाम निघालं. मी त्याला दीड महिना मागच्या बाल्कनीत साखळीला बांधला. फिरवणं कधी झालं, कधी राहिलं. आधी तो भुंकायचा, मग भुंकणं थांबलं. मला वाटलं, शहाणा झाला. एके दिवशी गॅसवाला सिलिंडर घेऊन आत आला आणि गुंड्या साखळीला असा हिसका देऊन गेला की भिंतीतला हुक अर्धा बाहेर आला. भुंकला नाही, गुरगुरलाही नाही. गॅसवाल्याला चहा दिला, तर कप त्याच्या हातात थरथरत होता. डॉक्टरांनी गुंड्याला तपासलं आणि मला विचारलं, "दीड महिना तुम्हाला बांधलं असतं तर?" साखळी त्याच दिवशी भंगारात दिली. त्याला पूर्वपदावर यायला मात्र आठ महिने लागले.

3. 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र धाडलं: तेवीस जातींची आयात, पैदास, विक्री बंद, घरात आधीच असतील त्यांची नसबंदी करा. यादीत रॉटवायलर होताच. मी ती दोनदा वाचली. तोसा इनू एकदा आणि जपानी तोसा पुन्हा एकदा, म्हणजे एकाच कुत्र्याला दोन गुन्हे. शिवाय नुसतं 'टेरियर' असंही लिहिलेलं. मग मांडीवर बसणारा यॉर्कशायर टेरियरही त्यात आला की! पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं संबंधितांचं म्हणणं न ऐकताच काढलेलं हे पत्रक रद्द केलं. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ते त्यानंतरही बरेच दिवस होतं.

4. इंग्लंडमध्ये 1991 पासून पिटबुलवर बंदी आहे, अलीकडे एक्सएल बुलीचीही भर पडली. नेदरलँड्सनं आपली पिटबुलबंदी 2008 मध्ये उठवली. अमेरिकेत 2022 साली अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून एक अभ्यास झाला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाकीचं मालकावर का?" मी गप्प. बाल्कनी आठवली.

5. शेपूट कापू नये. गुंड्याची आम्ही घेण्याआधीच कापलेली. तो खूश आहे की बिथरलाय, हे अनोळखी माणसाला कळायची अर्धी सोय तिथंच गेली.

6. मला विचाराल तर जातीवर बंदी नको, मालकावर अटी हव्यात. परवाना, लस, बाहेर पट्टा, गर्दीत मुसकं. गुंड्याला मुसकं बांधतो म्हणून माझ्याच मुलीनं तोंड फुगवलं होतं. फुगवू दे. लिफ्टमध्ये कुणी असेल तर आम्ही पुढच्या लिफ्टची वाट बघतो. हल्ली त्याला जिने झेपत नाहीत.

पिंकू मात्र अजून बिनपट्ट्याचाच खाली उतरतो. तो दिसला की मी गुंड्याला मागे घेतो आणि माझ्या पोटऱ्या सांभाळतो.