पवनेचे पाणी आणि सांडपाण्याचे शुद्धीकरण

मावळ तालुक्यात तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी तिकोणा पेठ हे गाव वसले आहे. गडाच्या माथ्यावरून पवना धरणाचा विस्तीर्ण जलाशय आणि सभोवतीचे तुंग, लोहगड, विसापूर हे दुर्ग दृष्टीस पडतात. या जलाशयातील पाणी नदीच्या पात्रातूनच खाली सोडले जाते आणि रावेत येथील बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवड शहरासाठी उचलले जाते. हे पाणी बंद नळातून नेण्याच्या योजनेस मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथील आंदोलनात गोळीबार होऊन तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. नदीकाठच्या माणसाचे या पाण्याशी किती निकटचे नाते आहे, हे यावरून ध्यानात यावे. रावेतच्या पुढे हीच नदी नगराचे सांडपाणी घेऊन दापोडीजवळ मुळेस मिळते. तेथून मुळा-मुठा, भीमा आणि अखेर उजनीचा जलाशय असा हा प्रवाह आहे. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते.

वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, असा समज सर्वत्र आढळतो. तो सर्वस्वी चुकीचा नाही; मात्र त्याला मर्यादा आहे. पाण्यातील सूक्ष्म जंतू मैल्याचे विघटन करतात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. या कामी किती प्राणवायू लागेल त्या मापास ‘जैवरासायनिक प्राणवायू मागणी’ अथवा बी.ओ.डी. म्हणतात. घरगुती सांडपाण्यात ती लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅम असते, तर नदीच्या निर्मळ पाण्यात लिटरमागे अवघा ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळलेला असतो. मासे जगावयाचे तर त्यांपैकी किमान ४ मिलिग्रॅम शिल्लक राहिला पाहिजे. हिशेब सरळ आहे. हवेतून मिळणारी भर क्षणभर बाजूस ठेवली, तर एक लिटर मैलापाणी पचविण्यास नदीचे साठ लिटरांहून अधिक पाणी खर्ची पडते. उन्हाळ्यात पवनेत एवढे पाणी कोठून आणावयाचे?

शुद्धीकरण केंद्रात जे घडते ते मूलतः नदीतीलच काम होय. केवळ ते थोड्या जागेत आणि थोड्या वेळात उरकले जाते. प्रथम लोखंडी गजांच्या जाळीत चिंध्या, प्लास्टिक, काटक्या अडविल्या जातात. नंतर वाळू बसू दिली जाते. अन्यथा ती पंपांची झीज करते. निवळणी टाकीत पाणी दोन-तीन तास संथ राहिले की जड मैला तळाशी बसतो. विरघळलेली घाण मात्र तशीच राहते. ती काढण्यासाठी क्रियाशील गाळाची पद्धती वापरतात. मँचेस्टर येथे १९१४ साली अर्डर्न व लॉकेट या रसायनतज्ज्ञांनी ती मांडली. मैलापाण्यात सतत हवा खेळविली असता जंतूंची वाढ होऊन तपकिरी गाळाचे पुंजके बनतात. हा गाळ टाकून न देता पुन्हा नव्या मैलापाण्यात सोडावयाचा, ही त्यातील मर्माची गोष्ट. भुकेल्या जंतूंची फौज तयारच असल्याने आठवड्याचे काम काही तासांत होते. दह्याला विरजण लावणारी गृहिणी हे तत्त्व सहज ओळखील. पण वीज गेली, हवा थांबली की हीच फौज गुदमरते. केंद्र बांधणे सोपे, ते अहोरात्र चालविणे अवघड, याचे कारण येथेच आहे.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदीत सोडावयाच्या पाण्याची बी.ओ.डी. लिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. असे पाणी सामावण्यास नदीचे सात-आठ लिटर पाणी पुरते. तथापि या प्रक्रियेत नत्र व स्फुरद पूर्णपणे निघत नाहीत. दिसण्यास स्वच्छ असलेले हे पाणी जलपर्णीला खत ठरते. उन्हाळ्यात पवनेचे पात्र हिरवेगार दिसते ते यामुळेही.

कारखान्यांच्या सांडपाण्याची गोष्ट निराळी. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या पट्ट्यात लहानमोठे कारखाने वाढत गेले. धातूंना मुलामा देणाऱ्या छोट्या कारखान्यातून षट्‌संयुजी क्रोमियम व सायनाइड बाहेर पडू शकते. ही द्रव्ये जंतूंनाच मारतात. म्हणून ती नगराच्या गटारात जाण्यापूर्वी कारखान्यातच नष्ट करावी लागतात. क्रोमियमचे आम्लधर्मी पाण्यात त्रिसंयुजी रूपात रूपांतर करून चुन्याने गाळ पाडतात. सायनाइडवर मात्र अल्कधर्मी पाण्यात क्लोरीनची क्रिया करावयाची असते. दोन्ही प्रवाह एकत्र केले आणि आम्ल सायनाइडला भिडले, तर प्राणघातक वायू निर्माण होतो. कामगारास हे ठाऊक नसणे ही त्याची चूक मानता येणार नाही. त्यास ते सांगितले गेले पाहिजे.

या बाबतीत महाराष्ट्राने १९६९ मध्येच, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या अधिनियमापूर्वी, कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापिले.

धरणाच्या परिसरातील गावांना मोठे केंद्र नको आणि परवडणारही नाही. परंतु येथे आता बंगले, निवासस्थाने आणि पर्यटकांचे तंबू वाढत आहेत. एकेका घरासाठी दोन खड्ड्यांचा शौचालय संडास उत्तम. एक खड्डा भरला की दुसरा वापरावयाचा आणि पहिल्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत खत होते. जेथे माणसे अधिक तेथे सेप्टिक टाकी बांधतात. तीत पाणी किमान एक दिवस थांबले पाहिजे. टाकीतून निघणारे पाणी शुद्ध नसते. त्यात रोगजंतू असतात, म्हणून ते शोषखड्ड्यात जिरवावयाचे, ओढ्यात सोडावयाचे नाही. मावळात मुरमाखाली लगेच कातळ लागतो आणि पावसाळ्यात भूजल वर येते. अशा जागी शोषखड्डा तुंबतो व विहिरीस धोका पोहोचतो. बांधकामास ना-हरकत दाखला देण्यापूर्वी ग्रामपंचायतीने खड्ड्याची जागा पावसाळ्यात पाहावी, उन्हाळ्यात नव्हे. टाकी उपसण्यासाठी टँकर येतो तेव्हा तो कोठे रिकामा होणार, याची नोंदही त्याच दप्तरात असावी.