वसईच्या रणाचें स्मरण

शास्त्रपाठ : यहोशवा अ. ४, २ शमुवेल अ. १, यिर्मया अ. २९, वचनें १ ते ७, योहान अ. २०.

इस्राएल लोक यार्देन उतरून आल्यावर यहोशवानें बारा धोंडे उभे करविले. पुढें मुलें विचारतील कीं हे धोंडे कसले, तेव्हां बापांस उत्तर देतां यावें, हा त्यांतील हेतु होता. आमच्या वसईंत असे धोंडे बारा नव्हत, हजारों आहेत. किल्ल्याचा तट, बुरूज, छप्पर गेलेलीं ख्रिस्तमंदिरें हीं सर्व आज पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालीं उभीं आहेत, आणि मुलें विचारतातच. ख्रिस्ती घरांतील मुलाचा प्रश्न मात्र अंमळ अवघड असतो. तो विचारतो, “त्या लढाईंत आपण कोणाकडचे?” त्यास दटावून गप्प बसविणें हें उत्तर नव्हे. म्हणून हा पाठ.

प्रथम घडलें तें सांगावें. इ. स. १५३४ त गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगेजांस दिली, व पुढें दोनशें वर्षें ती त्यांच्या हातीं राहिली. त्या अंमलांत हिंदूंचीं देवळें पाडलीं गेलीं व त्यांच्या उघड पूजाअर्चेस बंदी झाली. हें आम्ही लपवूं नये. ज्या प्रभूनें कोणाच्याहि दारावर जुलूम केला नाहीं, त्याचें नांव घेऊन तें केलें गेलें, म्हणून तर तें अधिकच स्पष्ट सांगावें. अंजूरच्या गंगाजी नाइकांनीं पेशव्यांकडे दाद मागितली ती ह्याच दुःखानें. १७३७ त मराठ्यांनीं ठाणें घेतलें, आणि १७३९ च्या आरंभीं पहिल्या बाजीरावाचे बंधु चिमाजी आप्पा ह्यांनीं वसईस वेढा दिला. वैशाखाच्या उन्हांत सुरुंग उडविले गेले. कांहीं मागाहून उडाले, आणि तटावर चढणारे मराठे त्याच ढिगाऱ्यांत गाडले गेले. मराठ्यांची हानि पांच हजारांच्या घरांत झाली असें सांगतात. आंतले शेंकडों पडले, त्यांचा सेनापतिहि पडला. ता. १६ मे रोजीं तहावर सह्या झाल्या, व आठवड्याभरांत पोर्तुगेज शिबंदी आपल्या हत्यारांनिशीं, मानानें बाहेर पडली. जे मागें राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक तहांत दिलेली होती. जिंकणाऱ्यानें एवढें दिलें, हें आमच्या उपदेशकांनीं सांगावयास विसरूं नये.

आतां त्या मुलाचा प्रश्न. आमच्या वाचकांत जे देशावरचे आहेत, त्यांतील कोणाचा पूर्वज मराठी फौजेंत भाला घेऊन किंवा ओझें वाहून आला असेल. जे उत्तर कोंकणांतील आहेत, त्यांतील कोणाचा पूर्वज तटाच्या आंत असेल. एकाच बांकावर बसून आपण प्रभुभोजन घेतों, तेथें हे दोघेहि येऊन बसले आहेत! तेव्हां कोणाकडचे, ह्याचें उत्तर मंडळीला एका शब्दांत देतां येत नाहीं, आणि देतां येत नाहीं हेंच बरें.

दावीदाकडे पहा. शौलानें त्याला रानोरान पळविलें, त्याच्यावर भाला फेंकला. तो शौल गिलबोवाच्या डोंगरावर पडला तेव्हां दावीदास हायसें वाटलें असतें तर कोणी दोष दिला नसता. परंतु त्यानें आपलीं वस्त्रें फाडलीं, सायंकाळपर्यंत उपास केला, आणि शोकाचें गीत रचून तें यहूदाच्या लोकांस शिकविण्यास सांगितलें. त्या गीतांत शौलाच्या छळाचा एकहि शब्द नाहीं. छळ खोटा होता म्हणून नव्हे. मेलेल्यापुढें हिशेब मांडावयाचा नसतो म्हणून.

वसईच्या घंटांविषयींहि येथें बोललें पाहिजे, कारण त्यांवरून मनें दुखावतात. लढाईनंतर येथील ख्रिस्तमंदिरांच्या घंटा घाटावर गेल्या. भीमाशंकरास एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे, नाशकास गोदावरीकांठीं नारोशंकराच्या देवळांत एक आहे. कोणी उत्साही शिक्षक येथें दानीएलाचा पांचवा अध्याय काढतो आणि बेलशस्सराच्या पेल्यांची गोष्ट सांगूं लागतो. आम्हांस तें पटत नाहीं. बेलशस्सरानें तीं पवित्र पात्रें मद्यपानास लावलीं. ह्या घंटा भक्तीच्या ठिकाणींच टांगल्या गेल्या. तोफा ओतण्यास धातु हवाच असे, तरी ह्या वितळविल्या गेल्या नाहींत, एवढें तरी ध्यानांत घ्यावें. त्या गेल्याचें दुःख खरें आहे, तें नाकारूं नये. पण दुःख निराळें आणि मागणी निराळी.

पुनरुत्थित प्रभु शिष्यांपुढें उभा राहिला, तेव्हां त्याच्या हातांवरील व्रण नाहींसे झाले नव्हते. त्यानें ते दाखविले. दाखवितांना मारणाऱ्यांचीं नांवें काढलीं नाहींत. शिष्यांस शांति दिली. व्रण दिसावा आणि त्यांत विष नसावें, असें स्मरण आम्ही त्याच्याकडूनच शिकतों. आमची आशाहि तेथेंच आहे, कारण मेलेल्यांच्या बाबतींत शेवटचा शब्द सुरुंगाचा नव्हे, त्या रिकाम्या कबरेचा आहे.

राज्यें तर आलीं आणि गेलीं. १७८० त इंग्रजांनीं हाच किल्ला घेतला, सालबाईच्या तहानें परत दिला, आणि १८०२ त ह्याच वसईंत दुसऱ्या बाजीरावानें तह करून आपलें स्वातंत्र्य गमावलें. पण १७३९ नंतर जे ख्रिस्ती येथेंच राहिले, त्यांनीं काय केलें? यिर्मयानें बाबेलांतील पाडाव झालेल्यांस पत्र लिहिलें कीं घरें बांधा, बागा लावा, त्यांचीं फळें खा, आणि ज्या नगरांत आहां त्याच्या कल्याणासाठीं प्रार्थना करा. वसईच्या वाड्यांतून केळी आणि पानवेली ज्यांनीं राखल्या, आपली मराठी बोली घरांत आणि प्रार्थनेंत ज्यांनीं टिकविली, त्यांनीं हेंच केलें. ते आमच्या पंथाचे नव्हते, रोमन कॅथॉलिक होते. तरी ह्या बाबतींत ते आमचे गुरु आहेत.

उपदेशकांनीं हा पाठ घेतांना मुलांस शक्य तर किल्ल्यांत न्यावें. तटाखालीं पडलेले मराठे आणि तटावर पडलेले फिरंगी ह्या दोघांसाठीं, आणि आज जेथें युद्ध चाललें आहे तेथील आयाबहिणींसाठीं, एकच प्रार्थना करावी, दोन करूं नयेत. परत येतांना वाटेवरच्या बागाईतदारास केळीचें पीक कसें आहे तें मुलांनीं स्वतः विचारावें.