‘सारं चालते’ म्हणजे नेमके काय चालते

हातात मावणाऱ्या खेळयंत्रावर, म्हणजे बाजारात ज्याला हँडहेल्ड म्हणतात त्यावर, जुन्या कन्सोलचे खेळ चालतात की नाही, या प्रश्नाला होय किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर देता येत नाही. कारण ‘चालणे’ या क्रियापदाचा विक्रेत्याचा अर्थ एक असतो आणि खेळणाऱ्याचा दुसरा. विक्रेत्याच्या लेखी खेळाचे नाव पडद्यावर उमटले की तो चालला; खेळणाऱ्याच्या लेखी बटण दाबताच उडी पडली, संगीत अडखळले नाही आणि दोन तासांची मेहनत दुसऱ्या दिवशी जागेवर सापडली, तरच तो चालला. अकोल्यात केलेल्या एका खरेदीत प्रस्तुत लेखकाचे पैसे या दोन अर्थांच्या मधोमध अडकले, आणि पुढील विवेचन त्याच व्यवहाराच्या आधाराने केले आहे.

हे जुने खेळ चालवणारा एम्युलेटर म्हणजे एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राचे सोंग वठवून घेणारा प्रोग्रॅम. हे सोंग महागडे असते, कारण जुन्या प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा वाचून तिचा नव्या प्रोसेसरच्या भाषेत उलगडा करावा लागतो आणि त्याच वेळी चित्राची व आवाजाची स्वतंत्र चिपही त्याच तालात नाचवावी लागते. म्हणून नवे यंत्र जुन्यापेक्षा थोडे नव्हे, कित्येक पटींनी वेगवान असावे लागते. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमचा प्रोसेसर अवघा १.७९ मेगाहर्ट्‌झचा आणि कामाची मेमरी २ किलोबाइटची होती. नव्वदच्या दशकात अमरावती-अकोल्याच्या घरांत शिरलेले ‘टीव्ही गेम’ बहुतांशी याच यंत्राच्या नकला होत्या, आणि त्यांच्या कॅसेटमधले मारिओ, कॉन्ट्रा आज स्वस्तातल्या स्वस्त हँडहेल्डलाही सहज पेलतात. १९९४ च्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर सुमारे ३४ मेगाहर्ट्‌झचा होता. सोनीच्याच पीएसपी या हँडहेल्डचा (जपानमध्ये डिसेंबर २००४) प्रोसेसर त्याच मिप्स कुळातला आणि कमाल ३३३ मेगाहर्ट्‌झचा असल्यामुळे सोनीने पुढे प्लेस्टेशनचे खेळ त्यावर स्वतःच अधिकृतपणे उपलब्ध करून दिले. घरची भाषा एक आणि वेग दहापट, त्यामुळे दुभाष्याचे काम हलके झाले. प्लेस्टेशन २ (२०००) मध्ये मात्र मुख्य प्रोसेसरच जवळजवळ २९५ मेगाहर्ट्‌झचा, शिवाय त्रिमितीय आकृत्यांचे गणित करणारी दोन व्हेक्टर युनिट आणि स्वतःची ४ मेगाबाइट मेमरी बाळगणारी ग्राफिक्स चिप, आणि ही सारी मंडळी एकाच वेळी कामाला लागलेली. तेथे स्वस्त हँडहेल्डची दमछाक ठरलेलीच असते.

जितके यंत्र जुने तितके ते सोपे, असा येथे एक गैरसमज होतो. प्लेस्टेशन आणि सेगाचे सॅटर्न जपानमध्ये पंधरवड्याच्या आत, १९९४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात विक्रीस आले. पण सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर आणि चित्रासाठी आणखी दोन चिप परस्परांशी वेळ जुळवत काम करत असल्यामुळे, जे हँडहेल्ड प्लेस्टेशनचे खेळ हसत-खेळत चालवते तेच सॅटर्नपाशी अडखळते. साल पाहून यंत्र घेणारा येथे फसतो.

उपरोक्त खरेदीच्या वेळी खोक्यावर ठळक अक्षरांत ‘पीएस२’ छापलेले होते आणि दुकानदाराचे उत्तर तयार होते: “सारं चालते भाऊ, पीएसटू बी चालते, काई टेन्शन घेऊ नका.” त्याने कॉन्ट्रा दाखवला, टेकन ३ दाखवला, आणि दोन्ही उत्तम चालले, पण पीएस२ च्या खेळाचे केवळ पहिले चित्र दाखवून यंत्र खोक्यात परत गेले. अमरावतीस आल्यावर ‘गॉड ऑफ वॉर’ सुरू केला, तेव्हा पहिल्याच जहाजावरच्या लढाईत आवाज ताणलेल्या रबरासारखा लांबू लागला आणि तलवारीचा वार दाबल्यावर तो पडेपर्यंत शत्रू कार्यभाग उरकून मोकळा होई. आतली चिप साध्या स्मार्टफोनच्या तोडीची होती, आणि हे खोक्याच्या तळाशी बारीक टाइपात लिहिलेलेही होते. दोष वाचणाऱ्याचाही होता, हे मान्य करणे भाग आहे. त्यामुळे दुकानात उभे राहून आपल्याला हव्या असलेल्या खेळांपैकी सर्वांत जड खेळ निवडावा, त्याच्या नावाच्या पडद्यापाशी न थांबता प्रत्यक्ष लढाईपर्यंत जावे आणि निदान अर्धा तास कान आवाजाकडे ठेवावेत. यंत्र मागे पडू लागले की ते बहुधा आधी आवाजातून कळते.

वऱ्हाडात या परीक्षेला ऋतूही जोडावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेलेला असताना, पंखा नसलेल्या या यंत्रातली चिप तापली की स्वतःला जपण्यासाठी वेग उतरवते. सकाळी गुळगुळीत चालणारा प्लेस्टेशनचा खेळ दुपारी, तेही चार्जर लावलेला असताना, कूलरसमोर बसूनही ठेचकाळत असल्याचे दिसून आले. चार्जिंग करताना न खेळणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

दुसरा फटका मेमरी कार्डाचा बसला. अशा यंत्रांसोबत पुष्कळदा नाव-गाव नसलेले कार्ड येते. प्रस्तुत प्रकरणी ते दीड महिन्यात मेले आणि सोबत सगळी प्रगती गेली. कार्ड आले त्याच दिवशी त्यातील मजकूर संगणकावर उतरवून चांगल्या कार्डावर घ्यावा. शिवाय खेळाच्या आत असलेले ‘सेव्ह’ आणि एम्युलेटरचे ‘सेव्ह स्टेट’ (चालू क्षणी यंत्राच्या मेमरीची घेतलेली जशीच्या तशी प्रत) यांत फरक आहे. दुसरे सोयीचे असले तरी एम्युलेटरची आवृत्ती बदलल्यावर ते उघडेलच याची हमी नसते, म्हणून पहिले करण्याचा आळस करू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. पण हजारो खेळ आधीच भरून विकलेले कार्ड या सवलतीत बसत नाही, आणि बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी त्याच कायद्यात कलम ६३ब आहे. बाजारातला सर्रास व्यवहार मात्र असा चालतो, जणू ते कलम छापायचेच राहून गेले.

एक तक्रार अशीही ऐकू येते की एम्युलेटरवरचा मारिओ ‘पळतो’. वस्तुतः भारतातील त्या काळचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रक्षेत्रे दाखवणारे, तर जपान-अमेरिकेतील ६० दाखवणारे. त्यामुळे पाल जुळणीच्या नकली यंत्रावर तोच खेळ आणि तेच संगीत सुमारे एक षष्ठांशाने सावकाश चाले. अकोल्याच्या जठारपेठेत ज्याचे बालपण गेले त्याच्या कानात ती संथ चालच मूळ चाल म्हणून बसलेली असते. एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये पाल किंवा डेन्डी (अशाच एका नकली यंत्राचे नाव) हा पर्याय निवडला की बालपणीचा वेग परत मिळतो.

बंदुकीचा ‘डक हंट’ मात्र कोणत्याही सेटिंगने तसा परत येत नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि नळीतला प्रकाशसंवेदक तो उजेड पकडे. हे गणित काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीच्या तत्काळ उमटणाऱ्या चित्रावर बेतलेले असल्याने, चित्र किंचित उशिरा दाखवणाऱ्या एलसीडीपुढे ती बंदूक आंधळी होते. त्या खेळासाठी माळ्यावरचा जुना टीव्हीच हवा, आणि प्रस्तुत लेखकाच्या घरचा टीव्ही दिवाळीच्या साफसफाईत, हँडहेल्ड घरी येण्याच्या वर्षभर आधी, भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढला होता.