लोकरीची ऊब

लोकर ही मूळचीच उष्ण असते, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु घोंगडीत गुंडाळलेला बर्फ उघड्यावरील बर्फापेक्षा अधिक वेळ टिकतो. घोंगडीत स्वतःची उष्णता असती, तर तो लवकर वितळला नसता काय?

या कोड्याचा शोध बेंजामिन टॉमसन याने घेतला. १७५३ साली अमेरिकेत जन्मलेला हा मनुष्य पुढे बव्हेरियाच्या दरबारी सेनेची व्यवस्था पाहू लागला. काउंट रम्फर्ड या नावाने तो अधिक प्रसिद्ध आहे. ज्याला हजारो सैनिक हिवाळ्यात पहाऱ्यावर उभे करावयाचे, त्याला वस्त्रांचा विचार केवळ कुतूहलाचा नव्हता.

त्याने काचेच्या गोळ्यात मध्यभागी उष्णतामापक बसविला आणि भोवतीच्या पोकळीत निरनिराळे तंतू सारख्याच वजनाने आळीपाळीने भरले. ते साधन उकळत्या पाण्यात तापवून तो बर्फात ठेवी व पारा ठरलेल्या अंशापर्यंत उतरण्यास लागणारा वेळ मोजी. पोकळीत नुसती हवा असता सुमारे १० मिनिटे लागली. मेंढीची लोकर भरताच १८ मिनिटांहून अधिक. सशाच्या केसांनी तर सुमारे २२ मिनिटे. परंतु खरे नवल रेशमाचे! मोकळ्या कच्च्या रेशमाने सुमारे २१ मिनिटे उष्णता रोखली. पीळ दिलेल्या रेशमी दोऱ्याने केवळ १५. पदार्थ तोच, वजनही तेच. मात्र पीळ बसताच तंतू एकवटले, मधल्या फटी रुंदावल्या आणि हवा त्यांतून मोकळी फिरू लागली. १७९२ साली त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले.

हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. परंतु मोकळी हवा स्वस्थ बसत नाही. तापली की वर चढते आणि थंड हवा तिची जागा घेते. तंतूंच्या दाट जाळ्यात ती कोंडली म्हणजे हे फिरणे थांबते. लोकरीचा तंतू जात्याच कुरळा असल्यामुळे दाबला तरी पुन्हा फुगतो आणि हवा धरून ठेवतो.

वस्त्र भिजले की हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी स्थिर हवेच्या सुमारे २४ पट उष्णता वाहून नेते. म्हणून ओला सुती सदरा अंगाला चिकटताच हुडहुडी भरते. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश बाष्प तंतूंच्या आत सामावून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. पावसाळी वाऱ्यात मेंढरांमागे हिंडणारा धनगर घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतो. मोठ्या सरीत तीही अखेर भिजून जड होते. पण तोवर त्याने मेंढरे वाड्यात आणलेली असतात.